केळीच्या देशात बरणीतल्या बागा

भुसावळ जंक्शन मागे पडते, खांडव्याच्या दिशेने निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते आणि खिडकीबाहेरचे दृश्य बदलते. काळ्याभोर जमिनीवर दुतर्फा केळीच्या बागा सुरू होतात. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेला तापीचे पात्र आणि मधल्या पट्टीत नजर पोचेल तिथवर रुंद, हिरवी, वाऱ्याने फाटलेली पाने. सावदा, निंभोरा, रावेर अशी छोटी छोटी स्थानके येतात. ह्याच स्थानकांवरून वर्षानुवर्षे केळीने भरलेले डबे दिल्लीच्या बाजाराकडे रवाना होत आले आहेत. देशाच्या उत्तरेकडच्या एखाद्या घरात सकाळी दुधात कुस्करलेले केळे बहुधा ह्याच मातीतले असते, पण खाणाऱ्याला त्याची कल्पना नसते.

जळगाव जिल्ह्याची ही ओळख फार जुनी आहे. २०१६ साली 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्यावर सरकारी शिक्काही बसला. नवल म्हणजे हा काही केळीला मानवेल असा प्रदेश नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. लू सुटते तेव्हा पाने करपतात. डिसेंबरात थंडीचा कडाका पडला की वाढ खुंटते. तरीही इथला शेतकरी बागेच्या कडेने शेवरीची दाट भिंत उभी करतो, ठिबकच्या नळ्या अंथरतो आणि केळी पिकवून दाखवतो. पावसाळ्याच्या तोंडी लावली ती मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली ती कांदेबाग. गावातली लग्ने, मुलांची शिक्षणे, घराची डागडुजी ही सारी ह्या दोन बागांच्या हिशेबावर ठरतात.

मात्र ह्या प्रदेशात अशाही बागा आहेत ज्यांना ऊन लागत नाही, वारा लागत नाही आणि मातीही लागत नाही. त्या काचेच्या आणि प्लास्टिकच्या बरण्यांत वाढतात. त्यांच्या खाण्यापिण्याची गोष्ट तर थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचते!

पिलापासून बरणीपर्यंत

आपण खातो त्या केळ्यात बी नसते. त्यामुळे नवे झाड बियांपासून नव्हे, तर जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिलापासून करावे लागते. खानदेशात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आले. शेजाऱ्याच्या चांगल्या बागेतून कंद आणायचे, तासायचे आणि लावायचे. अडचण एवढीच, की कंदाबरोबर त्याची दुखणीही येतात. मातीतले सूत्रकृमी येतात, सोंडकीड येते, पर्णगुच्छासारखे विषाणूजन्य रोग येतात. शिवाय कुणी मोठा कंद लावतो, कुणी लहान. मग बाग एकसारखी वाढत नाही आणि घडही एकदम कापणीला येत नाहीत.

ह्यावर उपाय निघाला तो टिश्यू कल्चरचा, म्हणजे ऊतिसंवर्धनाचा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ग्रँड नैन ही केळीची जात इस्रायलकडून आली. शेतकऱ्यांच्या तोंडी ती 'जी-नाईन' झाली. तिची प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे जळगावच्या जैन उद्योगसमूहाने शेतकऱ्यांपर्यंत पोचवली. कंदाच्या बागेला सव्वा ते दीड वर्ष लागत असे. चांगली निगा राखलेली ही बाग वर्षाच्या आत-बाहेर कापणीला येऊ लागली आणि घडही एकसारखे मिळू लागले. पाहता पाहता बसराई, श्रीमंती ह्या जुन्या जाती मागे पडल्या.

टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्याला आधी चपला बाहेर काढाव्या लागतात. मग हातपाय धुणे, पांढरा कोट, टोपी आणि तोंडावर पट्टी. एखाद्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिरावे तसाच हा थाट असतो, आणि कारणही तेच, म्हणजे शिवाशिव नको! येथे विटाळ असतो तो बुरशीचा आणि जिवाणूंचा. गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या टेबलांपुढे ओळीने बसून काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. निरोगी झाडाचे तलवारीसारख्या अरुंद पानांचे पील निवडतात. त्याचे पापुद्रे एकेक करून सोलतात, ते निर्जंतुक करतात आणि शेवटी उरलेला बोराएवढा कोंब बरणीतल्या घट्टसर खिरीसारख्या पदार्थावर अलगद ठेवतात.

ही 'खीर' म्हणजे पोषणमाध्यम. तिच्यात क्षार असतात, जीवनसत्त्वे असतात, लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि ती घट्ट राहावी म्हणून समुद्रशैवालापासून काढलेले आगर असते. वाढीला चालना देणारी संप्रेरके मात्र अगदी थेंबभर! बरण्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक मोठा प्रेशर कुकरच. मग पंचवीसेक अंश तापमानाच्या खोलीत, दिव्यांच्या उजेडात, मांडणीवर बरण्यांच्या रांगा लागतात. तीन-चार आठवड्यांत कोंबाच्या बाजूने नवे कोंब फुटतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या बरण्यांत ठेवायचे. एकाचे तीन झाले असे धरले, तरी आठ फेऱ्यांत कागदावर साडेसहा हजारांचा आकडा होतो.

प्रयोगशाळा पाहायला आलेल्या शेतकऱ्यांच्या घोळक्यातून एक प्रश्न हमखास येतो, ''ताई, ह्याला खायला काय घालता?'' उत्तरादाखल रसायनांची लांबलचक नावे ऐकली की मंडळी मान हलवतात. पण त्या यादीच्या मागे एक मजेदार इतिहास दडला आहे.

शहाळ्याची किमया

वनस्पतीचा तुकडा झाडापासून वेगळा करून बाटलीत वाढवता येईल, असे ऑस्ट्रियाच्या हाबरलांट ह्या शास्त्रज्ञाने १९०२ सालीच म्हटले होते. त्याला स्वतःला मात्र ते साधले नाही, कारण त्या तुकड्याला काय खाऊ घालावे हेच ठाऊक नव्हते. पुढे शास्त्रज्ञांनी एका आईची युक्ती केली. मूल काही केल्या जेवत नसले, की आई घरात असेल नसेल ते पुढे करून पाहते. तसेच त्यांनी निसर्गातले एकेक पदार्थ कोंबांपुढे ठेवून पाहिले.

अमेरिकेच्या फिलिप व्हाइटने १९३४ साली टोमॅटोची तोडलेली मुळे यीस्टच्या अर्कावर वाढवली. ती थांबेचनात! यीस्टमध्ये असे काय आहे ह्याचा शोध घेता घेता 'ब' गटातील जीवनसत्त्वे हाती लागली आणि मग यीस्टऐवजी तीच वापरता येऊ लागली.

१९४१ साली व्हान ओव्हरबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे अगदी कोवळे गर्भ वाढवण्यासाठी नारळाच्या आतला द्रव वापरला. तोवर दगावणारे ते नाजूक गर्भ वाढू लागले. आपल्याकडे धोत्रा आणि नारळ हे दोन्ही देवाच्या पूजेत एकत्र येतात. विज्ञानातही त्यांची गाठ अशी पडावी हे गमतीचेच! थोड्याच वर्षांत स्टुअर्ड ह्या शास्त्रज्ञाने गाजराच्या तुकड्यांना नारळाचे पाणी दिले, तेव्हा निद्रिस्त पेशी जणू जाग्या होऊन भराभर विभागू लागल्या. १९५८ साली तर सुट्या पेशींपासून गाजराचे अख्खे रोप उभे राहिले.

असे काय असते ह्या पाण्यात? जरा विचार केला तर उत्तर अवघड नाही. नारळाचे पाणी आपल्यासाठी नसतेच मुळी. ते असते आतल्या गर्भासाठी. झाडाने आपल्या बाळासाठी बांधून दिलेली ती शिदोरीच. तिच्यात साखर आहे, पोटॅशियम आहे, अमिनो आम्ले आहेत, जीवनसत्त्वे आहेत आणि पेशींना विभागण्याचा आदेश देणारी सायटोकायनिन गटातील संप्रेरकेही आहेत. त्यांपैकी झिअॅटिन हे १९६३ साली मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून प्रथम वेगळे काढले गेले आणि पुढे ते नारळाच्या पाण्यातही सापडले.

ह्या कथेत भारताचाही मानाचा वाटा आहे. दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीश महेश्वरी ह्यांनी १९६४ साली धोत्र्याच्याच परागकोशांपासून गर्भ निर्माण करून जगाला चकित केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मस्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली बाटलीतल्या इवल्याशा बांबूला फुले आणली. बांबू एरवी कित्येक दशकांतून एकदाच फुलतो! त्या बांबूच्या पोषणमाध्यमातही नारळाचे पाणी होते.

स्वयंपाकघरातील मंडळी

आजही अनेक प्रयोगशाळांतून, विशेषतः विद्यापीठांतून आणि लहान केंद्रांतून, माध्यमात लिटरमागे १०० ते १५० मिलिलिटर नारळाचे पाणी घालतात. शहाळे फोडले आणि ओतले, इतके ते सोपे नसते. पाणी तापवतात, त्यातली प्रथिने साखळून वर आली की गाळतात आणि लगेच गोठवून ठेवतात. केळीच्या कोंबांची संख्या वाढवण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

नारळाच्या जोडीला इतरही मंडळी आहेत. ऑर्किडची रोपे बरणीत वाढवणारे लोक माध्यमात पिकलेल्या केळ्याचा गर घालतात. त्याने रोपे सशक्त होतात आणि मुळे चांगली धरतात. म्हणजे केळे स्वतः बरणीत वाढते आणि दुसऱ्यालाही वाढवते! उकडलेल्या बटाट्याचा अर्क १९७० च्या दशकात चीनमध्ये गव्हाच्या परागकोशांसाठी वापरला गेला. टोमॅटोचा रसही वापरून झाला आहे. मोड आणलेल्या सातूचा अर्क संत्रा-मोसंबीच्या वर्गातील झाडांना विशेष मानवतो. १९६८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी तो वापरून लिंबूवर्गीय फळांच्या बीजांडातील ऊतींपासून गर्भ मिळवले. अशा गर्भापासून मूळ झाडाच्या गुणांची, पण जुन्या विषाणूंपासून बहुधा मुक्त असलेली रोपे मिळतात. संत्र्याच्या बागाइतदाराला ह्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आगर महाग पडते. माध्यमाच्या खर्चात त्याचा वाटा मोठा असतो. म्हणून दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या ओळखीच्या इसबगोलाचा प्रयोग केला आणि १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोट साफ होण्यासाठी रात्री पाण्यातून घेतात, तोच हा उत्तर गुजरातचा इसबगोल! पाण्यात फुगून तो माध्यम घट्ट धरून ठेवतो. साबुदाण्याचे आणि मक्याचे पीठही असेच वापरून पाहिले गेले. प्रयोगशाळेच्या दर्जाच्या महागड्या साखरेऐवजी वाण्याकडची साधी साखर तर अनेक ठिकाणी रुळली आहे.

आणखी एक घरगुती युक्ती पाहा. वांगे किंवा सफरचंद चिरून ठेवले की काळे पडते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. केळीचा कोंब कापला की तोही असाच काळा पडतो आणि त्याचा रस माध्यमात उतरून कोंबाला मारतो. गृहिणी वांगी पाण्यात टाकते, सफरचंदाला लिंबू चोळते. प्रयोगशाळेतही कापलेले कोंब सायट्रिक आणि अॅस्कॉर्बिक आम्लाच्या पाण्यात ठेवतात. एक लिंबातले आम्ल, तर दुसरे आवळ्यातले 'क' जीवनसत्त्व. काही माध्यमांत कोळशाची खास पूडही मिसळतात. ती हा काळा रस शोषून घेते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

हे सारे वाचून कुणाला वाटेल, की मग रसायने हवीतच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देताना जरा थांबावे लागते, कारण पुढे शेतकऱ्याचे अख्खे वर्ष पणाला लागलेले असते.

दोन शहाळ्यांची चव कधी एकसारखी असते का? एकाचे पाणी गोड, दुसऱ्याचे खारट. नारळाचे वय, जात, जमीन आणि ऋतू ह्यांप्रमाणे आतला ऐवज बदलतो. संशोधकाच्या दहा बरण्यांत हा फरक चालून जातो. पण लाखो रोपे बनवणाऱ्या प्रयोगशाळेत आज फुटलेले कोंब महिन्याभराने तसेच फुटतील ह्याची हमी लागते. म्हणूनच मोठ्या व्यावसायिक प्रयोगशाळा नेमक्या मापाच्या शुद्ध रसायनांवर भर देतात. शिवाय रस, गर ह्यांत जिवाणूंनाही आयतीच मेजवानी मिळते. निर्जंतुक करण्यात तसूभर चूक झाली की अख्खी मांडणी नासते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. कोंब भराभर वाढावेत म्हणून संप्रेरकांचा मारा केला, किंवा एकाच कोंबापासून फार फेऱ्या काढल्या, तर काही रोपे मूळ झाडापासून भरकटतात. पाने विचित्र होतात, झाड खुजे राहते, घड वेडावाकडा येतो. म्हणून साधारण आठ फेऱ्यांनंतर थांबून नवा कोंब घ्यावा, असा दंडक आहे. बरणीत हे दोष दिसतीलच असे नाही. ते दिसतात ते शेतात, पाणी आणि खते घालून कित्येक महिने लोटल्यावर, आणि तेव्हा हातात काही उरलेले नसते. हा अतिरेक रसायनाने होतो तसाच नैसर्गिक अर्कानेही होऊ शकतो. संप्रेरक शेवटी संप्रेरकच, मग ते बाटलीतले असो वा शहाळ्यातले!

मग ह्या नैसर्गिक द्रव्यांचे स्थान काय? ती उत्तम गुरू आहेत, हेच त्यांचे खरे स्थान. जगभर वापरले जाणारे प्रसिद्ध माध्यम मुराशिगे आणि स्कूग ह्यांनी १९६२ साली दिले. तेसुद्धा तंबाखूच्या पानांच्या अर्काचे रहस्य उलगडताना हाती आले. अर्काने वाढ का होते हे शोधता शोधता त्यांना कळले, की त्यातल्या क्षारांचाच प्रभाव मोठा आहे. यीस्टने जीवनसत्त्वे शिकवली, नारळाने संप्रेरकांचा माग दाखवला, तंबाखूने क्षारांचे प्रमाण सांगितले. एखादी नवी, हट्टी जात बरणीत वाढायचे नाव घेत नसेल तर आजही संशोधक आधी नारळाकडे वळतो. ती एकदा मार्गाला लागली, की मग हिशेब सुरू होतो. आणि जिथे पैसा कमी, पण हात कुशल आहेत, अशा लहान केंद्रांना साधी साखर आणि इसबगोल मोठा आधार देऊ शकतात. अट एकच, प्रत्येक खेपेची आधी थोड्या बरण्यांवर परीक्षा घेतली पाहिजे.

बरणीतून बागेत

मुळे फुटलेले रोप बरणीतून बाहेर येते, तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. आजवर लाडात वाढलेले हे बाळ! पानांवर संरक्षक मेणाचा थर पुरता धरलेला नसतो, मुळांनी माती पाहिलेली नसते. आधी दमट हरितगृहात इवल्या कप्प्यांत काही आठवडे, मग सावलीच्या जाळीखाली पिशव्यांत आणखी काही आठवडे असे त्याला हळूहळू काटक करतात. खानदेशच्या उन्हात ते सरळ नेऊन लावले तर दुपारपर्यंतही टिकणार नाही.

एवढे करूनही ते अमर होत नाही. विषाणूमुक्त म्हणजे विषाणूंना दाद न देणारे नव्हे. जिल्ह्यात 'हरण्या' ह्या नावाने ओळखला जाणारा विषाणूजन्य रोग मावा किडीमार्फत कोवळ्या बागेवर येतो आणि पानांवर पिवळे पट्टे उमटवतो. अशी झाडे उपटून नष्ट करण्यावाचून इलाज नसतो. रावेर-यावल भागातल्या शेतकऱ्यांनी हे दुःख सोसलेले आहे. म्हणून जाणती माणसे केळीच्या आसपास काकडी, टोमॅटो, मिरची लावू नका असे सांगतात, कारण हा विषाणू त्या पिकांवरही मुक्काम करतो.

रोपांची पारख करण्यासाठी भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली. तीत विषाणूंची तपासणी होते आणि रोपे मूळ जातीशी एकरूप आहेत का, हेही पाहतात. रोपे घेताना शेतकऱ्याने प्रमाणित प्रयोगशाळेची पावती आणि लेबल मागावे. साधारण फूटभर उंचीचे, पाच-सहा निरोगी पानांचे आणि पांढऱ्या मुळांचे रोप निवडावे. बरणीत नारळाचे पाणी होते की रसायन, ह्यापेक्षा हे पाहणे अधिक मोलाचे!

प्रवाशांसाठी

मुंबईहून जळगाव रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटरवर आहे. सुरतेकडून येणारा लोहमार्गही येथेच मिळतो. भुसावळ येथून पंचवीसेक किलोमीटर. उन्हाळा टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शहराजवळच्या जैन हिल्सवर शेतीचे प्रयोग पाहायला देशभरातून शेतकरी येतात. प्रयोगशाळा पाहायची तर आधी परवानगी काढावी. तेथेच २०१२ साली सुरू झालेले 'गांधीतीर्थ' हे संग्रहालय आवर्जून पाहावे. शहरात केळी संशोधन केंद्रही आहे. जवळचे आसोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. शेतातल्या साध्या गोष्टींत जगण्याचे शहाणपण पाहणाऱ्या ह्या कवयित्रीचे नाव २०१८ पासून येथील विद्यापीठाला दिलेले आहे.

रावेर-सावद्याकडे जाताना फैजपूर लागते. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले ते हेच गाव. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे मंदिर, मुक्ताईनगर आणि सातपुड्याच्या कुशीतले पाल ही ठिकाणे एकाच फेरीत पाहून होतात. अजिंठ्याची लेणी जळगावहून साठेक किलोमीटरवर आहेत. हिवाळ्यात आलात तर भरीत आणि कळण्याची भाकरी चुकवू नका. भरताच्या वांग्यालाही येथे भौगोलिक मानांकन आहे!

परतताना रस्त्याच्या कडेला कढईतून नुकतेच काढलेले केळीचे वेफर्स विकायला असतात. लहान मुलांसह आलेल्या कुटुंबांनी ते घ्यावेत आणि गाडीत मुलांना जरूर सांगावे, की ह्या कुरकुरीत चकतीचे झाड कधी काळी बरणीतल्या खिरीवर वाढलेले असू शकते, आणि त्या खिरीची पहिली पाककृती नारळाने शिकवली होती.